शुक्रवारची बाजू

वर्ना येणार म्हणून मर्टलनं सकाळपासून तीन पदार्थ केले होते आणि त्यांतला वर्नाला कुठला आवडतो हे तिला काही केल्या आठवत नव्हतं. चौतीस वर्षं सख्खी जाऊ घराची पायरी चढली नाही की असं होतं. लग्नाला नाहीतर दफनाला चर्चच्या हॉलमध्ये दोघी समोरासमोर येत, एकीनं कॉफी ओतायची, दुसरीनं पुरे म्हणायचं, एवढाच व्यवहार. पुरे म्हणताना कुणी आवडीनिवडी सांगत बसत नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगणात ट्रेलरवर चढवलेली बोट दिसत होती. मर्टलचा मुलगा डेल यानं ती दोन आठवड्यांपूर्वी शेतावरच्या अवजारांच्या शेडमधून ओढून आणली होती. शेत विकलं म्हणून शेड रिकामी करावी लागली, एरवी मर्टलच्या नवऱ्यानं, ऑर्डिननं, जिवात जीव असेपर्यंत बोटीवरची ताडपत्री हलवू दिली नसती. सोळा फुटी अ‍ॅल्युमिनियमची स्पीडबोट, सत्तावन्न साली मोटारगाड्यांना असत तसे मागे दोन उभे पंख, नाकाची डावी बाजू चेपलेली. स्कार बोट कंपनीची एकतीस क्रमांकाची बोट. हिच्यातच ऑर्डिनचा धाकटा भाऊ लॉइड, म्हणजे वर्नाचा नवरा, त्या वर्षीच्या मेमोरियल डेच्या सुट्टीला ओस्टर लेकमध्ये गेला. गिऱ्हाइकांना वेग दाखवत होता. तळाचा सांधा उघडला, नाक पाण्यात घुसलं, आणि मे महिन्यातल्या त्या थंडगार पाण्यातून तो वर आलाच नाही.

सांधा उघडला, कारण रिवेट नीट बसले नव्हते. रिवेट नीट बसले नव्हते, कारण आतून ठोकळा धरायला वर्ना होती. स्कारांच्या घरात ही गोष्ट अशी दोन पायऱ्यांत सांगायची रीत होती. मोठ्यानं कुणी म्हणत नसे. आमच्या नॉर्बी गावात मोठ्यानं बोलायचं ते फक्त हवामानाबद्दल.

"आई, कॉफी झाली का?" डेल दारातून डोकावला. त्याच्या खांद्यावर नळीचं वेटोळं होतं.

"झालीय. आणि हे बघ, त्या येतील तेव्हा पाटीबिटी काढू नकोस लगेच."

"काढणारच आहे. त्यासाठीच तर बोलावलंय ना."

"तू तुझ्या बापासारखाच आहेस," मर्टल म्हणाली. "सगळं एका दिवसात पाहिजे."

*

डुलुथपासून साडेतीन तासांच्या रस्त्यात वर्ना गाडी चालवणाऱ्या मुलीशी, करीनशी, सहा वाक्यं बोलली होती. त्यांतली चार पेट्रोलबद्दल आणि ढगांबद्दल होती. पाचवं होतं, "पाणी भरणार असं डेल नक्की म्हणाला ना?" आणि सहावं, "मग ठीक आहे."

जुनी बोट कुठे गळते हे बघायचं असेल तर तिला पाण्यात सोडत नाहीत, तिच्यात पाणी सोडतात. ट्रेलरवर ठेवून आत वीतभर पाणी भरायचं आणि खाली वाकून थेंब कुठे धरतात ते बघत बसायचं. करीनला एवढं माहीत होतं. आईला अडुसष्टाव्या वर्षी ते थेंब कशाला बघायचेत, हेही तिला माहीत होतं, तरी तिनं नॉर्बीच्या वळणावर विचारलंच.

"बघितल्यावर काय करणार आहेस?"

"घरी जाणार."

करीन सहा वर्षांची होती तेव्हा आई जो भेटेल त्याला सांगायची, मी तीनदा ठोकलं होतं. पाद्र्याला सांगितलं, शेरिफला सांगितलं, शाळेच्या बाईंनासुद्धा. करीन दहाची झाली तोवर ते सांगणं बंद झालं. त्यानंतर आई स्वतः शिवलेलं बटण दोनदा ओढून बघायला लागली. बंद केलेला गॅस बघायला अर्ध्या रस्त्यातून परत यायची. करीनला या प्रवासातून हवं होतं ते एवढंच, की आईनं एकदा तरी बटण लावावं आणि विसरून जावं.

ऑर्डिन अंगणात घडीच्या खुर्चीत बसला होता. एकाहत्तर वर्षांचा, आडवा बांधा, एका कानात यंत्र. दुसऱ्या कानाचा जन्मापासूनच उपयोग नव्हता, म्हणून तर लष्करानं त्याला युद्धात घेतलं नाही.

"आलात," तो म्हणाला.

"आलो," वर्ना म्हणाली.

"रस्ता?"

"होता."

मर्टल तबक घेऊन बाहेर आली. "वर्ना, रुबार्बचे बार केलेत. चालतात ना तुला?"

"चालतात की."

ते चालतात म्हणजे आवडतात की नुसते खाता येतात, हे काही मर्टलला कळलं नाही. तिनं दोन वाढले.

डेलनं पाटी आणलीच. जुलैत अलेक्झांड्रियाला जुन्या बोटींचा मेळा भरतो, तिथे बोटीसमोर उभी करायला त्यानं पितळी पाटी कोरून घेतली होती. त्यानं ती मोठ्यानं वाचून दाखवली. "स्कार बोट कंपनी, नॉर्बी, मिनेसोटा. आराखडा, लॉइड स्कार. रिवेटकाम, ऑर्डिन स्कार."

"आणि आतून कोण होतं?" करीननं विचारलं. "भूत?"

डेलचे कान लाल झाले. "म्हणजे, करीन, मला वाटलं काकूंना ते आवडणार नाही. नाव लागलेलं."

"डेलचं बरोबर आहे," ऑर्डिन म्हणाला.

"मी डेलशी बोलतेय, ऑर्डिनकाका."

वर्नानं कप खाली ठेवला. "पाणी सोड रे, डेल."

*

रिवेटचं काम एकट्याचं नाही. पत्र्याच्या बाहेरून एकानं हवेच्या गननं रिवेट हाणायचा, आतून दुसऱ्यानं त्याच्या शेपटाला लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, म्हणजे शेपूट चपटं होऊन त्याचं बटण बनतं. बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. गनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून आतला माणूस ठोकळ्यानं रिवेटवर ठोकतो. एकदा म्हणजे झाला, पुढचा घे. दोनदा म्हणजे अजून हाण. तीनदा म्हणजे बिघडला, काढून टाक. वर्ना आणि ऑर्डिन ही भाषा युद्धाच्या काळात ओमाहाच्या विमान कारखान्यात शिकले होते. तो बाहेर, ती बॉम्बफेक्या विमानाच्या पोटात. दोन वर्षं दोघं असं पत्र्याआडून बोलत होते. लॉइड नंतर नौदलातून सुटून आला आणि त्यानं तिच्याशी समोरासमोर बोलून लग्न केलं.

युद्ध संपलं, विमानं थांबली आणि पत्रा मातीमोल झाला. त्या दिवसांत आयोवापासून जॉर्जियापर्यंत ज्याच्याकडे गन होती तो बोटी बनवायला लागला. डेलला हा सगळा इतिहास तोंडपाठ होता. कुणी पंख आधी लावले, कुणाच्या बोटीला किती घोड्यांचं इंजिन झेपत होतं, फायबरग्लास आल्यावर कोण कुठल्या साली बुडालं, सगळं. स्वतःच्या घरचा इतिहास मात्र त्याला दोन पायऱ्यांपुरताच ठाऊक होता, आणि आतापर्यंत त्याचं काही अडलं नव्हतं.

पाणी वीतभर चढल्यावर त्यानं नळी बंद केली. उघडलेला सांधा त्यानं आधीच बोल्ट आणि रबर घालून तात्पुरता आवळला होता. तिथून थोडं झिरपणार हे धरूनच तो हातात खडू घेऊन पाठीवर सरपटत खाली गेला.

"उजवी बाजू," तो खालून म्हणाला. "कोरडी. अजून कोरडी. कमाल आहे. नाकापासून शेपटापर्यंत एक थेंब नाही."

"चांगलं काम होतं ते," ऑर्डिन म्हणाला.

"डावी." तो पाठीवरच मागे सरकत गेला. "डावी गळतेय, बाबा. सांध्याजवळच नाही. सगळी रांगच. पार मागच्या फळीपर्यंत."

सगळे वाकून बघायला लागले. थेंब हारीनं धरत होते आणि एकेक करून गवतात पडत होते. डेलनं खडूनं गोल करायला घेतले आणि वीस झाल्यावर सोडून दिलं.

"झालं का समाधान?" ऑर्डिन म्हणाला. तो हे वाईट बोलला असं नाही, हवा बघून बोलावं तसं बोलला.

"नाही," वर्ना म्हणाली. ती अजून वाकलेलीच होती. "उजव्या बाजूला आत कोण होतं?"

"तूच."

"आणि बाहेर?"

"मी. काय विचारतेस?"

"तेच दोन माणसं. तोच ठोकळा. उजवी शुक्रवारी केली, डावी सोमवारी. मग शुक्रवारची बाजू चौतीस वर्षांनी कोरडी कशी?"

"शुक्रवारी तुझं लक्ष होतं. सोमवारी तू नि लॉइड भांडून आला होतात. अख्ख्या शेडला ऐकू गेलं होतं. मलासुद्धा."

"भांडलो होतो," वर्ना म्हणाली. "तो नवं इंजिन घेणार होता, मी नको म्हणत होते. पण रागानं माणूस एखादा रिवेट वाकडा धरेल, ऑर्डिन. सत्तर सारखे कसे बिघडवेल?"

करीननं आईकडे पाहिलं. हे वाक्य आईनं गाडीत साडेतीन तास घोळवलेलं दिसत होतं.

"तळावरची फळी काढ, डेल," वर्ना म्हणाली. "मला बटणं बघायचीत."

"कशाला पोराला कामाला लावतेस," ऑर्डिन म्हणाला. "फुगलेल्या फळ्या आहेत, मोडतील."

चव्वेचाळीस वर्षांच्या पोरानं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा काकूकडे, आणि पहार आणायला गेला. आजवर तो बापाच्या शब्दाबाहेर गेला नव्हता. बोटीच्या बाबतीत मात्र त्याला राहवत नसे, आणि सत्तर रिवेट एकसारखे गळणं हे त्याच्या वाचनात कुठेच नव्हतं.

*

पाणी सोडून दिल्यावर फळी निघाली. डेल आत गुडघ्यांवर बसला आणि त्यानं बॅटरी लावली. ठोकळा तिरका धरला की बटण एका बाजूला कलतं, हे त्याला माहीत होतं. इथे एकही कललेलं नव्हतं. सगळी बटणं मधोमध, गोल, मापात. फक्त प्रत्येकाच्या कडेला बारीक तडे होते, कडक पिठाची भाकरी थापावी आणि कडा फाटाव्यात तसे.

"बाबा, धरलेत सरळ," तो म्हणाला. "धरण्यात काही चूक नाही. हे रिवेट कडक झाले होते. मारायच्या आधीच."

ऑर्डिन उठला नाही. "शक्य नाही. थंड होते. मी माझ्या हातानं डब्यातून घेतले, बर्फासारखे होते."

विमानांचे उरलेले रिवेट स्वस्त मिळत, म्हणून स्कार तेच वापरत. त्यांची एक खोड होती. भट्टीत तापवून पाण्यात टाकले की ते मऊ होत, पण तासाभरात परत कडक व्हायला लागत. थंडीत ठेवले तरच मऊ राहत. हिवाळ्यात शेडबाहेर बर्फात डबा पुरला की काम भागे. मे उजाडला की कॉफीचा तो डबा मर्टलच्या फ्रीजरमध्ये जाई, वाटाणे आणि मटणाच्या शेजारी.

मर्टल तबकातले बार सरळ करत होती. शुक्रवार आणि सोमवार हे दोन शब्द मघापासून तिच्या डोक्यात फिरत होते, आणि मध्ये जे दोन दिवस येतात ते आता तिच्या समोर येऊन उभे राहिले.

"ओपनर होता," ती म्हणाली.

"काय?" ऑर्डिननं कानातलं यंत्र चाचपलं.

"मध्ये ओपनर होता. वॉलाय मासे धरायचा पहिला शनिवार. माझे तिन्ही भाऊ आले होते, मेलविन त्याच्या साल्यालाही घेऊन आला होता. मासे धरून आणले पन्नास-साठ, साफ करून माझ्यापुढे टाकले. फ्रीजरमध्ये जागा नव्हती." तिनं तबक खाली ठेवलं. "मी तुमचा डबा बाहेर काढून ओट्यावर ठेवला. रविवारी संध्याकाळी ते मासे घेऊन गेले, मी डबा परत आत ठेवला."

डेलनं बॅटरी विझवली.

"थंड झाले होते की सकाळपर्यंत," मर्टल म्हणाली. "मी हात लावून बघितला होता. मला वाटलं, थंड ते थंड."

"एकदा कडक झाले की परत थंड करून उपयोग नसतो, आई," डेल हळू आवाजात म्हणाला.

"ते मला कुणी सांगितलं होतं? तुम्ही नुसतं म्हणायचात, डब्याला हात लावू नकोस. मुलं, पाहुणे, कुत्रा, सगळ्यांनाच तुम्ही म्हणायचात, हात लावू नका." तिचा आवाज फाटला. ती वर्नाकडे वळली. "मला खरंच माहीत नव्हतं, वर्ना. देवाशप्पथ. माहीत असतं तर मी अशी गप्प बसले असते का?"

वर्ना तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नसतीस बसली." आणि तिला ते मनापासून वाटलं.

ऑर्डिननं मोठा श्वास सोडला. त्याचे खांदे खाली आले. चौतीस वर्षांत एवढं मोकळं त्याला कुणी पाहिलं नसेल. "म्हणजे मासेच निघाले," तो म्हणाला. "कुणाचीच चूक नाही. मर्टलची नाही, वर्नाची नाही. नशीब. डेल, पाटीवर वर्नाचं नाव घाल. आतून, वर्ना स्कार. माझी हरकत नाही."

"वा," करीन म्हणाली. "हरकत नाही म्हणे."

डेलला मात्र बरं वाटलं. एकाच दुपारी बोटही सुटली आणि घरही. त्यानं नळी गुंडाळायला घेतली. पाटी परत करून दुसरी कोरून घ्यायची, जुलैपर्यंत वेळ होता. त्याच्यापुरतं प्रकरण मिटलं होतं.

"ऑर्डिन," मर्टल म्हणाली.

"काय आता?"

"मी माझं सांगितलं. आता तुझं सांग."

"माझं काय?"

"तडे गेलेलं बटण तिला आतून दिसलं असणार. नाही दिसलं तर बोटाला लागलं असणार. ती कारखान्यात शिकलीय. अशा रिवेटवर ती एकदा ठोकून पुढे जाईल? तू शेरिफला सांगितलंस, एकदाच ठोकलं. माझ्या देखत सांगितलंस. मी तेव्हा तुझ्या बाजूला उभी होते." मर्टलनं एप्रनला हात पुसले आणि ती चालत जाऊन वर्नाच्या बाजूला उभी राहिली. "किती वेळा ठोकलं होतं तिनं?"

ऑर्डिनचा हात कानाकडे गेला.

"यंत्राला हात लावू नकोस," वर्ना म्हणाली. "ते कानानं कळत नाही. गन धरलेल्या हाताला कळतं. तुला ओमाहातही कळायचं."

*

वर्नाला स्वतःला आता काही आठवत नव्हतं, हे ती करीनलाही बोलली नव्हती. पहिली काही वर्षं तिला तीन ठोके लख्ख आठवत. मग रात्रंदिवस तेच उगाळून ते पुसट झाले, आणि जे उरले ते एकेकटे ठोके. एक, पुढचा. एक, पुढचा. ते खरे होते, याबद्दल तिला शंका नव्हती. म्हणूनच तिनं सांगणं सोडलं होतं. आज ती इथे आली होती ती भांडायला नव्हे, तिला आपल्या हाताचं काय झालं होतं ते कळायला हवं होतं.

ऑर्डिन बोटीकडे बघून बोलला.

"अकरा रिवेट," तो म्हणाला. "अकरांना तू तीन-तीन ठोके दिलेस. मी मोजले होते. मला वाटलं तू लॉइडचा राग कामावर काढतेस. बोट गुरुवारी दाखवायला न्यायची होती, अकरा काढून परत मारायचे म्हणजे दिवस गेला असता. मी गन पुढे नेत राहिलो. बाराव्याला तू एकच ठोका दिलास. मग शेवटपर्यंत एकेकच."

"थकले असेन," वर्ना म्हणाली.

"हो. मला कळलं ते. थकलीस तू, मी ऐकत नाही म्हणून." तो अजून बोटीकडेच बघत होता. "शेरिफनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, एक. शेवटी एकच होता की. मी स्वतःला असं सांगत आलो."

"काका," करीन म्हणाली, आणि तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या आवारातलं कुत्रं उठून बसलं. "चौतीस वर्षं तुम्ही–"

वर्नानं तिचा दंड धरला, तशी ती थांबली. मर्टल गवतावरच खाली बसली होती. डेल अर्धी गुंडाळलेली नळी हातात घेऊन उभा होता, ती ठेवावी की धरावी हे त्याला सुचत नव्हतं.

वर्नाला सुटल्यासारखं वाटलं. ते तिनं धरलंच होतं आणि तसंच झालं. छातीवरचं उतरलं, हात हलके झाले, डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही. पण त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी वर आलं, आणि ते तिनं धरलं नव्हतं.

"तुमची आई कुठल्या साली गेली रे?" तिनं विचारलं.

"एकोणसत्तर," ऑर्डिन म्हणाला. "नोव्हेंबर."

"जायच्या आधी चार दिवस तिनं मला हॉस्पिटलात बोलावलं होतं. एकटीला. लॉइड गेल्यापासून बारा वर्षं ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तुम्ही सगळे बाहेर कॉफी पीत होतात."

"ठाऊक आहे. मीच दार लावून घेतलं होतं."

"आत काय म्हणाली ते ठाऊक आहे?"

ऑर्डिननं मान हलवली. त्याला ते ठाऊक नव्हतं, आणि आता ठाऊक व्हायला नको होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"म्हणाली, वर्ना, माझ्या पोराचं जे केलंस त्याची मी तुला माफी देते." वर्नाचा आवाज अगदी साधा होता, रस्ता कसा होता हे सांगावं तसा. "आणि मी तिचे हात हातात घेऊन तिचे आभार मानले, ऑर्डिन."